डावा हात, उजवा मेंदू आणि तेलुगू घर

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र थोडक्यात असं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मुलाची शाळा सेमी-इंग्रजी. मुलगा पावणेसहा वर्षांचा, यंदा पहिलीत गेला. जेवण, चित्रं, चेंडू फेकणं, सगळं डाव्या हाताने. घरी सासूबाई आणि शाळेत बाई त्याच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात देतात. जूनपासून तो बोलताना अडखळायला लागला आहे. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना झटका आला, शरीराची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेलं. भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. सासऱ्यांना 'पाणी' म्हणता येत नाही, पण नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला तेव्हा त्यांनी भजनाची अख्खी ओळ सुरात म्हटली. तेव्हापासून सासूबाईंना वाटतं की ते मुद्दाम बोलत नाहीत. मध्यंतरी एका क्लासवाल्यांनी मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन अहवाल दिला : मुलगा 'उजव्या मेंदूचा' आहे, कलेत पुढे पण भाषेत कच्चा राहील, घरातली एक भाषा बंद करा आणि मेंदू 'संतुलित' करायचा कोर्स लावा. फी १८,००० रुपये, त्यातले २,००० भरून झाले आहेत. ताई विचारतात : माझ्या मुलाची भाषा मेंदूच्या चुकीच्या बाजूला आहे का? हात बदलून घ्यावा का? तेलुगू थांबवावी का?

उत्तर :

प्रिय ताई,

आधी सरळ उत्तरं देते. मुलाची भाषा चुकीच्या बाजूला नाही. हात बदलू नका. तेलुगू थांबवू नका. क्लासला पुढचा एक रुपयाही देऊ नका. अडखळण्याकडे मात्र लक्ष द्यायला हवं आणि तेही लवकर. आता यामागची कारणं सांगते, कारण नुसत्या उत्तरांच्या जोरावर तुम्हाला घरात आणि शाळेत बोलता येणार नाही.

तुमच्या पत्रात एक साखळी दिसते. भाषा डाव्या मेंदूत असते, डावखुऱ्यांचा उजवा मेंदू वरचढ असतो, म्हणून डावखुऱ्या मुलाची भाषा कच्ची. यातली पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे. दुसरी फक्त हातापुरती खरी आहे. तिसरी त्या दोन्हींतून निघतच नाही. ती कोणीतरी मध्येच चिकटवली आहे आणि त्यावर दुकान मांडलं आहे.

डॉक्टरांच्या वाक्यापासून सुरुवात करू. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकांनी लेबोर्न नावाचा एक रुग्ण पाहिला. कित्येक वर्षं त्या माणसाच्या तोंडून 'टॅन' एवढाच आवाज निघत होता. समोरच्याचं बोलणं मात्र त्याला बरंचसं कळायचं. तो वारल्यावर त्याचा मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा सापडली. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये ब्रोकांनी लिहिलं, की आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या गोलार्धाने. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी डावीकडेच, कानाच्या वरच्या-मागच्या अंगाला, दुसरी जागा दाखवली. तिथे इजा झालेली माणसं भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ उरत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. मेंदूतून हातापायांकडे जाणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठाशी एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूला जातात. म्हणून डाव्या मेंदूत रक्तपुरवठा अडला की उजवा हात, उजवा पाय आणि वाचा एकदमच जाते. सासऱ्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं आणि डॉक्टरांनी त्यांच्यापुरतं अगदी बरोबर सांगितलं.

मग डावखुऱ्यांचं काय? हात उलटा म्हणजे मेंदूही आरशासारखा उलटा असणार, असं बराच काळ डॉक्टरही धरून चालले होते. पुढे जुन वाडा या डॉक्टरांनी एक पद्धत शोधली. मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिनीत औषध सोडून मेंदूची एकच बाजू काही मिनिटं झोपवायची आणि रुग्णाला बोलायला सांगायचं. ज्या बाजूला झोपवल्यावर वाचा बंद होते, ती भाषेची बाजू. माँट्रियलमध्ये अशा तपासण्या झालेल्या रुग्णांचे आकडे रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये मांडले. उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांची भाषा डावीकडे निघाली. डावखुऱ्यांमध्येही ७० टक्के लोकांची भाषा डावीकडेच होती! उरलेल्यांपैकी १५ टक्क्यांची उजवीकडे आणि १५ टक्क्यांची दोन्हीकडे. हे मेंदूचा आजार असलेले रुग्ण होते, म्हणून निरोगी माणसांचं काय, हा प्रश्न राहत होता. २००० साली जर्मनीतल्या क्नेष्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलताना मेंदूच्या कोणत्या बाजूला रक्त जास्त धावतं ते निरोगी लोकांत मोजलं. पक्के उजवे असलेल्यांत सुमारे ४ टक्के आणि पक्के डावखुरे असलेल्यांत सुमारे २७ टक्के लोकांची भाषा उजवीकडे झुकलेली होती.

म्हणजे तुमच्या मुलाची भाषा त्याच्या तातांसारखी (आजोबांसारखी) डावीकडेच असण्याची शक्यता जास्त आहे. आणि समजा तो त्या २७ टक्क्यांत असला, तरी काय बिघडलं? याच गटाने पुढच्या वर्षी, ज्यांची भाषा उजवीकडे आहे अशा निरोगी माणसांची भाषेची आणि शिक्षणातली गती तपासली. त्यांत आणि बाकीच्यांत फरक आढळला नाही. भाषा कोणत्या बाजूला आहे, हे मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवं. पहिलीतल्या मुलाच्या आईला ते कळून काहीही उपयोग नाही. त्यासाठी त्याचा एमआरआय करावा का, असंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. नको.

आता क्लासवाल्यांचा अहवाल. 'उजव्या मेंदूचा माणूस', 'डाव्या मेंदूचा माणूस' ही कल्पना आली कुठून? अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी काही अपस्माराच्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांचे झटके आवरावेत म्हणून मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. या पट्ट्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. तो कापल्यावर दोन्ही बाजूंचं काम वेगवेगळं पाहता आलं. डाव्या हातात न दाखवता ठेवलेली वस्तू रुग्ण ओळखायचा, तिचा उपयोग करून दाखवायचा, पण नाव सांगू शकायचा नाही, कारण त्या हाताची खबर उजव्या मेंदूकडे गेली होती आणि बोलणारा डावा मेंदू तिच्यापासून तुटला होता. या कामासाठी स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. संशोधन पक्कं होतं. लोकांनी त्याचं केलं ते मात्र राशिभविष्य. तुमच्या मुलाचा पट्टा शाबूत आहे. त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजू क्षणाक्षणाला एकमेकांशी बोलतात.

दोन्ही बाजूंच्या कामात फरक आहे, हे खरंच आहे. चेहरे ओळखणं, जागेचा अंदाज, बोलण्यातला चढउतार, म्हणजे समोरचा 'हो' म्हणाला ते रागाने की लाडाने, यांत बहुतेकांचा उजवा गोलार्ध पुढे असतो. उजव्या मेंदूला झटका बसलेले काही रुग्ण ताटाच्या उजव्या अर्ध्यातलंच जेवतात आणि डावीकडची भाकरी तशीच ठेवून 'अजून वाढा' म्हणतात. डोळे चांगले असतात, पण जगाची डावी बाजू त्यांच्या लेखी उरलेलीच नसते. असे फरक कामांत असतात, माणसांचे प्रकार त्यांवरून पडत नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात ७ ते २९ वयाच्या १,००० हून जास्त जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले गेले. काही जोडण्या डावीकडे घट्ट होत्या, काही उजवीकडे, पण एखाद्या माणसाचा अख्खा मेंदू एका बाजूने जास्त चालतो, असं काही दिसलं नाही. तुम्ही चादरींच्या गावात राहता. नक्षी ताण्यात आहे की बाण्यात, असं मागावरच्या कारागिराला विचारलंत तर तो काय उत्तर देईल?

बोटांच्या ठशांबद्दल तर एकच सांगते. ते गर्भात साधारण चौथ्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि मुलाला भाषा कशी येईल, हे त्यांवरून कळत नाही. मनोविकारतज्ज्ञांची देशातली संघटना, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, हिनेही या ठशांच्या बुद्धिचाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. भरलेले २,००० रुपये लेखी अर्ज देऊन परत मागा आणि अर्जाची पोच घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. हे मी इतर पालकांसाठीही लिहिते आहे, कारण शाळेच्या गेटवर अशा क्लासची पत्रकं हल्ली सर्रास वाटली जातात आणि त्यांचं गिऱ्हाईक असते काळजीत पडलेली आई.

हाताकडे येऊ. 'हे तुझ्या माहेरचं आहे,' असं सासूबाई म्हणतात, हे वाचून मला वाईट वाटलं. जगात साधारण दर दहा माणसांत एक डावखुरा असतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे, पण तो एका घराण्याच्या नावावर टाकता येईल असा नाही. आई-वडील दोघं डावखुरे असले तरी त्यांची बहुतेक मुलं उजवीच निघतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही साधारण पाचात एका जोडीत एकाचा हात डावा आणि दुसऱ्याचा उजवा असतो. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत पाहिलं, की पोटातलं बाळ जो अंगठा चोखतं, पुढे बहुधा तोच हात त्याचा मुख्य हात ठरतो. तुमच्या मुलाने हा हात सासूबाईंची मर्जी मोडायला निवडलेला नाही. तो जन्माच्या आधीपासून चाललेला आहे.

आणि हात म्हणजे अख्खा माणूस नव्हे. सचिन तेंडुलकर बॅट उजव्या हाताने धरायचा आणि सही डाव्या हाताने करतो. सौरव गांगुली डावखुरी फलंदाजी करायचा आणि लिहितो उजव्याने. एकाच माणसाच्या दोन कामांचे हात वेगळे असू शकतात, तर हातावरून स्वभाव, बुद्धी, भाषा असं सगळं वाचायला आपण बसावंच का?

पेन्सिल उजव्या हातात दिली की होतं काय, ते जरा जवळून बघा. पहिलीतलं मूल लिहिताना एकाच वेळी चार कामं करत असतं. अक्षर आठवायचं, त्याचा आवाज जुळवायचा, रेषेत बसवायचं आणि हात चालवायचा. हात नको तो असला की सगळं लक्ष हातातच अडकतं आणि अक्षराला काही उरत नाही. बाईंना दिसतं ते 'वाकडं लिहितो, मागे पडतो', आणि मग क्लासच्या अहवालावर विश्वास बसतो.

डाव्या हाताने देवनागरी लिहिणं थोडं अडचणीचं आहे, पण उपाय साधे आहेत. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजवा हात पेन्सिल ओढत नेतो, डाव्याला ती ढकलावी लागते, आणि नुकतं लिहिलेलं अक्षर हाताखाली झाकलं जातं. पाटीवर तर ते पुसूनच जातं. म्हणून मूल मनगट वरून वळवून, हात खेकड्यासारखा करून लिहायला लागतं. ती सवय लागण्याआधी वही त्याच्या छातीच्या थोडी डावीकडे ठेवा आणि तिरकी करा, अशी की तिचा वरचा डावा कोपरा वरच्या उजव्या कोपऱ्यापेक्षा उंच राहील. पेन्सिल टोकापासून इंच-सव्वा इंच वर धरायला शिकवा. तिथे एक रबरबँड गुंडाळला की बोटांना जागा कळते. मनगट ओळीच्या खाली राहायला हवं. शिरोरेघ त्याला उजवीकडून डावीकडे ओढावीशी वाटली तर ओढू द्या, अक्षर तेच राहतं. शिकवताना त्याच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसा, म्हणजे तुमच्या उजव्या हाताची हालचाल त्याला आरशासारखी पाहता येईल. वर्गात त्याला बाकाच्या डाव्या टोकाला जागा द्यायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर भांडण. डावखुऱ्यांची कात्रीही मिळते. साध्या कात्रीचं वरचं पातं डावखुऱ्या मुलाच्या नजरेआड नेमकी कापायची रेघ लपवतं. 'याला कापता येत नाही' असा शेरा कितीतरी मुलांना या एका कारणाने मिळतो.

बाईंशी बोलताना तक्रारीचा सूर नको. 'याचा हात डावा आहे, आम्ही घरी वही तिरकी ठेवून सराव घेतोय, तुम्हीही तसंच घ्याल का?' एवढं पुरे. बहुतेक बाई ऐकतात, त्यांना फक्त पालकांनी स्वतःहून सांगावं लागतं. इतर वाचकांसाठी हेही सांगून ठेवते, की डाव्या हातावर पट्टी मारणं ही शिस्त नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे.

सासूबाईंच्या मनातली अडचण वेगळी आहे आणि तिला मी हसणार नाही. सिद्धरामेश्वरांच्या देवळात प्रसाद डाव्या हाताने घेतला की चार लोक बघतात. तीर्थ, प्रसाद, वडीलधाऱ्यांना काही देणं, हे उजव्या हाताने करायला तो सहज शिकेल. त्यात बारीक कसब लागत नाही आणि त्याने मेंदूचं काही बिघडत नाही. तेवढं सासूबाईंसाठी जरूर करा. जेवणाबद्दल माझं मत असं, की प्रेमाने जमलं तर ठीक, ताटावर रडारड होणार असेल तर सोडून द्या. लिहिणं मात्र वाटाघाटीत आणूच नका. आणि सासूबाईंना एक आठवण करून द्या. ताता आता डाव्या हाताने चमचा धरायला शिकत आहेत आणि त्याच त्यांना धीर देतात, असं तुम्हीच लिहिलं आहे.

आता अडखळणं. डाव्या मुलाला उजवं केलं की तो तोतरा होतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. हा विचार अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या ऑर्टन आणि ट्रॅव्हिस यांच्याकडून, १९२०-३० च्या दशकांतून आलेला आहे. दोन्ही गोलार्धांत वरचढपणाची ओढाताण होते आणि बोलणं अडतं, असं ते म्हणत. पुढच्या संशोधनात हात बदलणं हेच तोतरेपणाचं कारण, हे काही ठरलं नाही. तेव्हा पेन्सिल काढून घेणाऱ्या सासूबाईंच्या माथी हे मारू नका. तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा तो हळूहळू जातोही. पण तुमच्या मुलाचा उशिरा सुरू झाला आहे, तो मुलगा आहे (मुलींच्या मानाने मुलग्यांत तो टिकण्याचं प्रमाण जास्त असतं), आणि तुम्ही लिहिलं आहे की शब्द अडला की तो डोळे घट्ट मिटतो, मान झटकतो. हे तिन्ही एकत्र पाहता 'वाट बघू, जाईल' असं मी म्हणणार नाही. त्याला स्पीच थेरपिस्टकडे न्या आणि कानांची तपासणीही करून घ्या.

तोपर्यंत घरात 'हळू बोल', 'पुन्हा नीट म्हण' हे बंद. त्याचं वाक्य कोणीही पूर्ण करायचं नाही. तो 'म-म-मला' वर अडकला तर त्याच्याकडे बघत थांबायचं, जणू घाई कुणालाच नाही. त्याला हळू बोलायला सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतः थोडं सावकाश बोला. दिवसातून दहा मिनिटं फक्त त्याची, मोबाईल लांब ठेवून. पाहुण्यांसमोर पाठांतर म्हणायला लावू नका.

आणि हे सगळं तेलुगूत करा. दोन-तीन भाषांमुळे मूल तोतरं होत नाही, उशिरा बोलायला लागतं असंही नाही. तो एकाच वाक्यात तेलुगू-मराठी मिसळतो म्हणून क्लासवाल्यांनी गोंधळ म्हटलं. अहो, पूर्व भागातली मोठी माणसंही तशीच बोलतात! ऐकणारा कोण आहे ते पाहून भाषा बदलणं ही मेंदूची कसबाची गोष्ट आहे. प्रत्येक भाषेला वेगळा कोपरा लागतो आणि जागा कमी पडते, हीसुद्धा चुकीची समजूत. लहानपणापासून बोललेल्या भाषा मेंदूच्या बऱ्याचशा त्याच जाळ्यांवर चालतात. बोटांनी आणि चेहऱ्याने बोलली जाणारी खुणांची भाषाही बहुतेक कर्णबधिर माणसांत डाव्या गोलार्धावरच भर देते, असं १९८० च्या दशकात दिसून आलं. तेलुगू काढून घेतलीत तर मराठीला रिकामी जागा मिळणार नाही. तुमचं रागावणं, लाड, गोष्टी, सगळं ज्या भाषेत आहे ती तेवढी जाईल, आणि त्याला ताताशी जोडणारा एकुलता धागाही.

ताता. तुम्ही त्यांच्याबद्दल मुलाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी म्हणून लिहिलंत, पण मी पत्र वाचताना तिथेच थांबले. ते मुद्दाम बोलत नाहीत, असं घरात कोणी समजत असेल तर ते आजच थांबायला हवं. त्यांना जे झालं आहे त्याला वाचाघात किंवा अ‍ॅफेझिया म्हणतात. विचार असतो, ओळख असते, शब्द हाती लागत नाही. भजन येतं आणि 'पाणी' येत नाही, यात लबाडी नाही. जिना चढताना ते 'ओकटी, रेंडु, मूडु' असं मोजतात, असं तुम्ही लिहिलं आहे, तेही याच प्रकारातलं. हजारदा म्हटलेल्या ओळी, मोजणी, शिव्या, देवाची नावं, ही एकामागून एक आपोआप येतात. चाल आणि लय यांत उजव्या गोलार्धाचा मोठा वाटा असतो आणि तो त्यांचा शाबूत आहे. 'पाणी' हा शब्द मात्र दरवेळी नव्याने शोधून, जुळवून म्हणावा लागतो आणि ते काम करणारी जागाच दुखावली आहे. यावरूनच बॉस्टनमध्ये १९७३ साली सुरांच्या आधाराने बोलणं शिकवायची थेरपी मांडली गेली. रोजचं छोटं वाक्य दोन सुरांत म्हणायचं, डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा आणि मग हळूहळू सूर कमी करत न्यायचा. सगळ्यांना ती लागू पडते असं नाही. पण ज्यांचं समजणं चांगलं आहे, बोलणं अडलं आहे आणि गाणं येतं, अशांसाठीच ती आहे आणि तुमचं वर्णन त्याला जुळतं.

दीड वर्ष झालं, आता काय सुधारणार, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. झटक्याला ६ महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या रुग्णांवर जर्मनीत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ३ आठवडे किंवा जास्त, दर आठवड्याला १० तास किंवा अधिक थेरपी दिल्यावर त्यांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. घरात आतापासून एवढं करा : त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, एकच प्रश्न, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असा. पाणी, चहा, संडास, दुखतंय, गोळी, यांची चित्रं एका पुठ्ठ्यावर काढून हाताशी ठेवा. चित्रं काढायला तुमचा डावखुरा लेक आहेच. आणि त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलू नका, त्यांना बरंच कळत असणार.

नातवासाठी आणि आजोबांसाठी लागणारा तज्ज्ञ एकच, स्पीच थेरपिस्ट. सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात आधी चौकशी करा. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथे तपासणीला येतं, त्यांच्याकडे मुलाची नोंद करून मोफत पुढे पाठवून घेता येतं. खासगी ठिकाणी गेलात तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. तातांची थेरपी तेलुगूत होणं महत्त्वाचं आहे. वाचा आणि श्रवणदोषांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे. तुमचे नातेवाईक तिकडे असतील तर काही दिवस राहून तिथल्या थेरपिस्टकडून घरचा सराव शिकून घेता येईल. जाताना झटक्याच्या वेळचे स्कॅनचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि तातांना पाठ असलेल्या भजनांची यादी घेऊन जा. नातवाचं अडखळणं मोबाईलवर दोन-तीन वेळा, त्याच्या नकळत, रेकॉर्ड करून ठेवा. डॉक्टरांसमोर मुलं हमखास सरळ बोलतात.